सख्ख्या भावाचं काम न केलेले मंत्री

मेटेचा मेसेज आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. तीनच वाक्यं होती. बाबा गेले. फार त्रास झाला नाही. अंत्यविधीला नील्सकाका आले होते. पहिली दोन वाचून डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं. तिसरं वाचून मात्र कोथिंबीर तशीच टाकली आणि गॅलरीत जाऊन बसले. आक्सेलना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे थोरल्या भावाने पुन्हा आपल्या समोर येऊन उभं राहावं. भाऊ आला, पण बघायला आक्सेल नव्हते.

आक्सेल हे डेन्मार्कचे माजी मंत्री. खांदा कॉलनीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते तीन वर्षं राहिले. हे मी नवीन माणसाला सांगते तेव्हा तो आधी माझ्याकडे बघतो, मग आमच्या ह्यांच्याकडे, आणि ह्यांनी मान हलवली की मगच विश्वास ठेवतो. त्यांची मुलगी मेटे उरणच्या बंदरात मोठी अधिकारी होती. आई वारल्यावर वडील एकटे पडले म्हणून तिने त्यांना इथे आणलं आणि स्वतः सकाळी अंधारात जाऊन रात्री जेवायच्या वेळेला परत येऊ लागली. म्हणजे बिचाऱ्यांच्या एकटेपणाचा नुसता पत्ता बदलला.

तिनेच एकदा माझी बेल वाजवली. "तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका होतात असं कळलं. माझ्या बाबांशी अधूनमधून बोलाल का?" मी आयुष्यभर पनवेलच्या शाळेत तोंड न उघडणाऱ्या पोरांकडून इंग्रजी वदवून घेतलं होतं. म्हटलं, हे काय अवघड. पण हे गृहस्थ त्या पोरांच्या वरताण निघाले. दारात उभे राहिले, उंचीमुळे थोडे वाकलेले, आणि म्हणाले, "मी आक्सेल." पुढे काही नाही. ना आडनाव, ना पद.

आमच्या सोसायटीत कोणी साधा नगरसेवकाचा मेहुणा असला तरी तो तुम्हाला पहिल्या वाक्यात कळतो. आक्सेल मंत्री होते हे आम्हाला सहा महिन्यांनी मेटेकडून कळलं, तेही बोलता बोलता. ते कळल्यावर वॉचमन सलाम ठोकायला लागला. आक्सेलना ते कळेना. शेवटी तेही त्याला उलट सलाम ठोकायला लागले. मग वॉचमन आणखी कडक ठोकायचा. रोज सकाळी गेटवर हा प्रकार चालायचा.

त्यांच्या देशात म्हणे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. मंत्र्याला ड्रायव्हरसुद्धा नावानेच बोलावतो. "मला आक्सेल म्हणा," ते सगळ्यांना सांगायचे. आता एवढ्या वयाच्या माणसाला नुसतं नाव घेऊन कोण बोलावणार? लोकांनी आक्सेलकाका करून टाकलं. मी मात्र हट्टाने आक्सेल म्हणायला शिकले, आणि ते मला सुलभा म्हणायचे. मी काकू आहे, मॅडम आहे, आई आहे, आमच्या ह्यांची 'अगं' आहे. माझी आई गेल्यापासून मला नुसतं सुलभा म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी तशी हाक मारली तेव्हा मी क्षणभर मागे वळून पाहिलं, कोणाला बोलावतात ते.

संध्याकाळ झाली की ते जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती लावायचे. एकदा आमच्या ह्यांना समोरच्या दारातून ती दिसली. हे लगबगीने टेस्टर घेऊन गेले. "तुमच्याच घरात लाइट गेलीय, फ्यूज बघतो." आक्सेलनी बटण दाबून दिवा लावून दाखवला, परत बंद केला आणि ह्यांना खुर्ची दिली. हे अर्धा तास मेणबत्तीसमोर बसून आले. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "काही नाही. पण बरं वाटलं." आमच्या ह्यांच्या तोंडून 'बरं वाटलं' हे शब्द मी लग्नानंतर मोजक्याच वेळा ऐकलेत.

आता मंत्री म्हटल्यावर लोक काम सांगणारच. आमचे सेक्रेटरी म्हात्रे यांनी सांगितलं. त्या उन्हाळ्यात पाण्याचे वांधे होते, टँकर दिवसाआड यायचा. म्हात्रे शर्ट खोचून त्यांच्याकडे गेले. "साहेब, तुम्ही फक्त एक फोन टाका." कोणाला फोन टाकायचा ते म्हात्रेंनाही माहीत नव्हतं, पण मंत्र्याने फोन टाकला की पाणी येतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. आक्सेलनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा ते दोन बादल्या घेऊन रांगेत उभे होते, आणि खालच्या मजल्यावरच्या नाईकआजींना त्यांनी आपल्या पुढे घेतलं होतं. म्हात्रे मला म्हणाले, "मॅडम, असला मंत्री असून उपयोग काय?"

मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे कळलं की हाच प्रश्न त्यांना एकदा विचारला गेला होता, आणि विचारणारा सख्खा भाऊ होता.

त्यांच्या मंत्रिपदाबद्दल ते फार कमी बोलायचे, आणि बोलायचे ते गमतीचंच. दोनदा मंत्री झाले. शेवटच्या वेळी चर्च खातं होतं. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे देवस्थान कमिटी." आक्सेलना ते इतकं पटलं की पुढे तेही तसंच सांगायला लागले. सरकार पडलं की जुना मंत्री नव्या मंत्र्याला खात्यात बोलावतो, दोन शब्द बोलतो, काहीतरी गमतीची भेट देतो आणि चालू लागतो, अशी तिकडे पद्धत. आक्सेलनी नव्या माणसाला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले आणि बस पकडून घरी गेले. "बसमध्ये बसायला जागा मिळाली का?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले, "पण कोणी रागावून बघत नव्हतं. तेवढं पुरे होतं."

पहिल्या वेळी मात्र त्यांच्याकडे मासेमारी खातं होतं, आणि त्याबद्दल ते गमतीनेसुद्धा बोलत नसत.

दर रविवारी ते उरणला करंजाच्या धक्क्यावर जायचे. मासळी स्वस्त आणि ताजी मिळते म्हणून मीही त्यांच्या गाडीत बसायला लागले. आक्सेल मासळी घ्यायचे खरे, पण घरी आल्यावर सगळी मलाच द्यायचे. त्यांना नुसतं तिथे उभं राहायचं असायचं. दोरखंडाच्या गाठी बघायच्या, पीळ चाचपायचा, इंजिन सुरू झालं की डोळे मिटायचे. बोटीवर मात्र कधी पाय ठेवला नाही. चांगुणा म्हणून आमची नेहमीची कोळीण, तिच्या मुलाची बोट होती. तिने किती वेळा बोलावलं. पायताण काढून चढावं लागतं, तेवढा नियम ती सांगायची, आणि आक्सेल दरवेळी हात जोडून नको म्हणायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मला तो हक्क नाही, सुलभा." मला वाटलं, गोऱ्या लोकांचा काहीतरी नियम असेल.

घरी परतल्यावर दुपारी ते एक फोन लावायचे. आमची दोन्ही दारं उघडी असायची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. म्हणजे ऐकू काहीच यायचं नाही. फोन लावायचे, कानाला धरून बसायचे, आणि थोड्या वेळाने टेबलावर ठेवून द्यायचे. दर रविवारी हेच. एकदा मी न राहवून म्हटलं, "लागत नाही का?" ते म्हणाले, "लागतो. तो उचलत नाही. माझा नंबर त्याला ओळखता येतो."

तो म्हणजे कोण, हे चांगुणामुळे बाहेर आलं. एका रविवारी तिने मला विचारलं, "गो बाय, ह्यो तुजा गोरा करतो काय?"

"आता काही नाही. त्यांच्या देशात मंत्री होते. मासेमारीचे."

एवढं बोलायचा अवकाश, चांगुणाने पापलेट खाली ठेवलं. "मासेमारीचा? मंग इचार त्याला, तिकरं बंदी असते का आमच्यासारखी?"

मी विचारलं. आक्सेलनी जे सांगितलं ते मी वाक्या-वाक्याने मराठीत करत गेले. त्यांच्या भागात मासे संपत चालले होते. बोटी जास्त झाल्या होत्या. मंत्री म्हणून त्यांनी ठरवलं, इतक्या बोटी कमी करायच्या. आपल्या पावसाळ्यातल्यासारखी नुसती बंदी नव्हती ती. बोट किनाऱ्यावर आणून तोडायची, म्हणजे ती परत पाण्यात जाणार नाही. त्यात त्यांच्या स्वतःच्या गावातल्या बोटी होत्या, आणि त्यांचा थोरला भाऊ नील्स याची बोट होती. वडील गेल्यावर शाळा सोडून नील्सने ती चालवायला घेतली होती, म्हणून धाकटा आक्सेल शिकू शकला.

"मंग?" चांगुणा म्हणाली.

नील्स एकदाच राजधानीत आला. खात्याच्या बाहेर इतर लोकांसारखा बाकावर बसला. आक्सेलनी त्याला इतरांना देतात तेवढाच वेळ दिला, आणि सेक्रेटरीला खोलीबाहेर पाठवलं नाही. भावाला एकट्याने भेटणं बरोबर दिसलं नसतं. नील्सने बोट वाचवायला सांगितलं. आक्सेलनी नियम सांगितला. नील्स उठला, म्हणाला, मग तू मंत्री होऊन उपयोग काय, आणि गेला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

हे मी सांगून संपवलं तेव्हा आजूबाजूच्या दोन-तीन बायकाही ऐकत होत्या. चांगुणाने कमरेवर हात ठेवले.

"सांग त्याला. सख्ख्या भावाला बाहेर बाकरावर बसवलंस? ज्यानी तुला शिकवला त्याला? काम नाय करायचा तं नको करू, पन दार लावून गल्यात पराव नाय का? आपल्या मानसाला परक्यावानी नाय म्हनतंत का कोन?"

मी आक्सेलना सांगितलं की तिला फार वाईट वाटलंय.

"नाही," ते म्हणाले. "ती एवढं मोठं वाक्य बोलली. जसंच्या तसं सांग."

मग मी सांगितलं. बाकडं, दार लावणं, गळ्यात पडणं, परक्यासारखं नाही म्हणणं, सगळं. आक्सेलचा चेहरा लाल झाला. मला वाटलं झालं, आता हे कधी इथे येणार नाहीत. ते चांगुणासमोर थोडे आणखी वाकले आणि इंग्रजीतच तिला म्हणाले, थँक्यू. परत येताना गाडीत बोलायला लागले. त्यांच्या देशात त्या गोष्टीचं कौतुक झालं होतं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, मंत्री असावा तर असा, सख्ख्या भावालाही सोडलं नाही. भाषणांत उदाहरण दिलं. बायकोनेही पाठीवर हात ठेवला. "जो तो मला चांगला म्हणाला," आक्सेल म्हणाले. "नील्स जे म्हणत होता ते एकालाही कळलं नाही. मला वाटायचं, ते फक्त त्यालाच आणि मलाच माहीत आहे. आज पहिल्यांदा मला कोणी रागावलं, सुलभा." आणि खारपाड्याच्या बाजूला जाणारे कंटेनर बघत ते रडले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दुसरं काय करणार?

सोसायटीतही गोष्ट पसरली, म्हणजे मीच पसरवली. मला वाटलं लोक त्यांना मान देतील. तर म्हात्रेंनी कपाळावर हात मारला, "सख्ख्या भावाचं काम केलं नाही?" नाईकआजी तर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आक्सेलच्या चेहऱ्यावर मात्र त्या दिवसांत थोडा रंग आला. लोक नावं ठेवताहेत म्हणून तरतरी आलेला माणूस मी तो एकच पाहिला.

नील्सचा फोन तरीही उचलला जात नव्हता. यावर उपायही चांगुणानेच काढला. नारळी पौर्णिमेला ती आम्हाला म्हणाली, या, बंदी सुटते, दर्याला नारळ द्यायचा. धक्क्यावर बँडबाजा, बोटींना पताका, बायका नव्या साड्यांत. आक्सेलनी नारळ दोन्ही हातांत धरून अगदी हळूच पाण्यात सोडला. मग चांगुणा म्हणाली, "आता भावाला फोन लाव. आज बंदी सुटली."

"तो उचलत नाही," मी तिला सांगितलं.

"मंग तुज्या फोनवरनं लाव की. नंबर कुठं वलखतो तो तुजा?"

साधी गोष्ट. आमच्याकडे मुलंसुद्धा आईने उचलावा म्हणून शेजारणीच्या फोनवरून लावतात. आक्सेलना मात्र ते पटेना. ते म्हणाले, ही फसवणूक आहे. मी चांगुणाला ते सांगितलं. ती म्हणाली, "भावाला फोन लावनं, त्यात फसवनं कुठं आयला?" शेवटी मीच नंबर विचारला आणि लावला. आणि पलीकडून एक जड, म्हातारा आवाज आला.

मी फोन आक्सेलच्या हातात दिला. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. एवढ्या निवडणुका लढवलेला, सभागृहात बोललेला माणूस नुसता फोन धरून उभा. तेवढ्यात चांगुणाच्या मुलाने इंजिन सुरू केलं. आक्सेलनी काही न बोलता फोन त्या दिशेने लांब धरला. बोटी एकामागून एक निघायला लागल्या. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग फोन कानाला लावला, ऐकलं, आणि घाईघाईने मला म्हणाले, "सुलभा, विचार. त्या इंजिनाला सिलिंडर किती?"

मी ओरडून विचारलं. मुलगा बोटीवरून ओरडला, सहा. आक्सेलनी आपल्या भाषेत एक शब्द सांगितला. आणि पलीकडून फोन ठेवला गेला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"हेच. सिलिंडर किती." त्यांनी फोन मला परत दिला. "आवाज ऐकून चार वाटली म्हणाला."

त्यानंतर दर रविवारी करंजाला गेलं की ते माझा फोन मागायचे. नील्स आता नंबर ओळखत होता, तरी उचलायचा. आक्सेल फोन समुद्राकडे धरायचे. तो ऐकायचा. कधी इंजिनाबद्दल एखादं विचारायचा, बहुतेक वेळा तेही नाही. दोघांपैकी एकही मूळ विषय काढत नव्हता. मी एकदा म्हटलं, "आता बोलून टाका." ते म्हणाले, "मी बोललो आणि त्याने फोन ठेवला तर? आत्ता तो निदान ऐकतोय."

असं जवळजवळ वर्ष गेलं. जूनमध्ये मेटेची बदली झाली. आक्सेलनी त्यांच्या राजधानीतल्या जुन्या फ्लॅटमध्ये परत जायचं ठरलं. "मुलीच्या मागे किती देश फिरायचं," म्हणाले. भावाकडे जाणार का, हे मी विचारलं नाही. बोलावणं आलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं.

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही करंजाला गेलो, आणि गेल्यावर माझ्या लक्षात आलं, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी लागलीय. बोटी सगळ्या शाकारून ठेवलेल्या. काही धक्क्याला बांधलेल्या, काही वर ओढून ताडपत्रीखाली. एकाही इंजिनाचा आवाज नाही. बँड नाही, लिलाव नाही, बर्फाच्या गाड्या नाहीत. चांगुणा सुकी मासळी घेऊन एका शेडखाली बसली होती. आक्सेलनी सवयीने माझा फोन घेतला, नंबर लावला, पलीकडून उचलल्याचा आवाज मलाही आला. त्यांनी फोन लांब धरला. समोर नुसता वारा आणि ताडपत्रीची फडफड. नील्सला ऐकवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

मी चांगुणाकडे जाऊन सुकट घ्यायला लागले. तिथून ते दिसत होते. फोन तसाच लांब धरलेला, मान खाली. मग त्यांनी तो कानाला लावला, आणि बोलायला लागले. आधी अडखळत, मग सलग. ती भाषा मला तीन वर्षांत एक अक्षर कळली नाही. पण मधेच करंजा असं ऐकू आलं. थोड्या वेळाने सुलभा. मग चांगुणा.

"माजा नाव घेतला त्यानी," चांगुणा म्हणाली. "काय सांगतो?"

"तू रागावलीस ते सांगत असतील भावाला."

तिने सुकटीचं माप माझ्या पिशवीत ओतलं आणि वर एक मूठ टाकली. "मंग सांगू दे. तू मधी जाऊ नको."

मी गेले नाही. वर ओढलेल्या बोटींपैकी एक चांगुणाच्या मुलाची होती. आक्सेल बोलत बोलत तिच्यापर्यंत गेले, थांबले, ऐकलं, परत बोलले. मग त्यांनी एका हाताने फोन धरून, वाकून, एकेक करून बूट काढले. ते जोडीने बाजूला ठेवले. आणि मोजे घातलेल्या पायांनी वर चढून ते बोटीच्या काठावर बसले, आमच्याकडे पाठ करून, फोन कानाला.